चढणीचे मासे

२००८ साली ट्विटर उघडलं की बऱ्याचदा एक चित्र समोर यायचं. इवलेसे पक्षी दोऱ्यांना लटकवून एक अगडबंब देवमासा उचलून नेताहेत. चित्र गोड होतं. अर्थ एवढाच की सर्व्हरला भार पेलत नाहीये, जरा वेळाने या. लाखो लोकांचं बोलणं एकाच कंपनीच्या कपाटात कोंबलेलं, आणि ते कपाट अडकलं की सगळेच मुके.

त्याच वर्षी २ जुलैला कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहरात एव्हन प्रोड्रोमू या प्रोग्रामरने ‘आयडेंटिका’ नावाची सेवा सुरू केली. दिसायला ट्विटरचं धाकटं भावंड: १४० अक्षरांचं तेच बंधन, एकमेकांना फॉलो करण्याची तीच रीत. गंमत पोटात होती. ती ज्या सॉफ्टवेअरवर चालायची ते ‘लॅकोनिका’ कुणालाही फुकट उतरवून घेऊन आपल्या सर्व्हरवर बसवता येत होतं. (नाव प्राचीन ग्रीसमधल्या लॅकोनिया प्रांतावरून. स्पार्टा तिथलंच, आणि तिथली माणसं तुटक बोलण्यासाठी प्रसिद्ध. १४० अक्षरांच्या सेवेला यापेक्षा समर्पक नाव सापडणं कठीण.) आणि माझ्या सर्व्हरवरच्या माणसाने तुमच्या सर्व्हरवरच्या माणसाला फॉलो करावं, अशीही सोय होती.

त्या काळी रेडिफमेलवरून याहूच्या पत्त्यावर पत्र जायचं आणि त्याचं कुणाला नवलही वाटायचं नाही. मग गप्पांनाच एका कंपनीचं कुंपण का, हा प्रोड्रोमूंचा प्रश्न तसा साधा होता. उत्तर साधं निघालं नाही. ते शोधताना त्यांनी आणि त्यांच्यासारख्या अनेकांनी हात घातला तो दहा वर्षं जुन्या, अगदी साध्याभोळ्या वस्तूला. ती वस्तू म्हणजे फीड.

आज आपण ओळखतो ते फीड आलं मार्च १९९९मध्ये, नेटस्केप कंपनीत. करणारे दोघे: डॅन लिबी आणि रामनाथन गुहा. गुहा आयआयटी मद्रासचे मेकॅनिकल इंजिनिअर, पुढे संगणकाकडे वळलेले. नेटस्केपला आपल्या ‘माय नेटस्केप’ पानावर वाचकाला त्याच्या आवडीच्या संकेतस्थळांचे ताजे मथळे एकत्र दाखवायचे होते. ते गोळा कोण करणार? त्यांनी उलटा विचार केला. प्रत्येक संकेतस्थळानेच आपल्या नव्या मजकुराची यादी ठरावीक साच्यात एका फाइलीत लिहून आपल्या दारात टांगावी. शीर्षक, दुवा, थोडक्यात गोषवारा, झालं. या साच्याचं नाव आरएसएस.

या तीन अक्षरांचा अर्थ पुढे बदलत गेला आणि साच्यावरून जी भांडणं झाली ती भाऊबंदकीच्या दाव्यांना लाजवतील अशी होती. एका बाजूला डेव्ह वायनर हे प्रोग्रामर. त्यांना साधेपणा हवा होता आणि तो टिकवण्यासाठी कुणाशीही भांडायची तयारी होती. दुसऱ्या बाजूला ज्यांना हा साचा अधिक शास्त्रशुद्ध हवा होता ते. या दुसऱ्या गटात चौदा वर्षांचा एक मुलगा होता, आरन स्वार्ट्झ. सप्टेंबर २००२मध्ये वायनर यांची आरएसएस २.० आली. भांडणाला कंटाळलेल्यांनी ‘अॅटम’ नावाचा वेगळा साचा केला. त्याला डिसेंबर २००५मध्ये इंटरनेटच्या अधिकृत मानकाचा दर्जा मिळाला. आपल्या गोष्टीपुरतं एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे: दोन्ही साचे आजही चालतात आणि वाचणारी सॉफ्टवेअरं दोन्ही मुकाट्याने वाचतात.

फीडला मराठीत रतीब म्हणायचा मोह होतो, आणि तो फारसा चुकीचा नाही. फक्त हा रतीब उफराटा आहे. दूधवाला दारात येत नाही. आपणच किटली घेऊन गोठ्यावर जायचं. तुमचं फीड-वाचक सॉफ्टवेअर दर अर्ध्या-एक तासाने लेखकाच्या सर्व्हरवर जातं आणि विचारतं, ‘मागच्या खेपेनंतर काही बदललं का?’ नसेल तर सर्व्हर ३०४ हा आकडा परत देतो, म्हणजे ‘काही नाही, या आता’. असेल तर अख्खी फाइल देतो. प्रत्येक नोंदीला स्वतःची ओळख-खूण असते, तिच्यावरून कोणती नोंद नवी ते कळतं.

या उफराटेपणातून बऱ्याच चांगल्या गोष्टी आपोआप घडतात. गोठेवाल्याकडे रतिबाची वही नाही, त्यामुळे कोण वाचतं हे त्याला धड माहीत नसतं. वाचायला परवानगी लागत नाही, आणि सोडायचं तर जाणं थांबवलं की झालं. मधे कुणी बसलेला नाही, म्हणून ‘तुम्हाला आवडेल’ असं ठरवून नोंदींचा क्रम फिरवणारा कुणी नाही. आणि सगळ्यात मोलाचं म्हणजे फाइल लेखकाच्या पत्त्यावर असते. उद्या त्याने सर्व्हर बदलला तरी डोमेन त्याचंच राहतं आणि वाचकाला काही कळतही नाही.

हे सगळं छोट्या हौशी लोकांपुरतं होतं असं कुणाला वाटत असेल तर त्याने पॉडकास्टकडे पाहावं. वायनर यांनी २०००च्या डिसेंबरमध्ये आरएसएसच्या नोंदीला एक जोड-फाइल लावायची सोय केली, आणि एवढ्या एका ओळीवर पुढे सगळं पॉडकास्ट-विश्व उभं राहिलं. ॲपलने २००५मध्ये आयट्यून्समध्ये पॉडकास्ट घेतले तेव्हाही खाली फीडच होतं, आजही आहे. पॉडकास्ट करणारा ‘जिथे ऐकता तिथे ऐका’ असं म्हणू शकतो. व्हिडिओवाल्याला असं म्हणता येत नाही. त्याला दुकानाचं नाव सांगावंच लागतं.

मग फीडवर गप्पांचं जाळं का नाही उभं राहिलं?

तसं राहिलं, पण एकेका सेवेच्या छपराखाली. २००७मध्ये सुरू झालेल्या ‘फ्रेंडफीड’ने ही कल्पना फार देखणी राबवली. तुम्ही फोटो एका ठिकाणी टाकता, लेख दुसरीकडे, चार शब्दांचे निरोप तिसरीकडे. फ्रेंडफीड त्या सगळ्यांची फीडं ओढून एका ओळीत लावायचं आणि मित्रांना त्याखाली बोलू द्यायचं. ‘लाइक’चं बटण फेसबुकच्या आधी तिथे होतं. गूगल रीडर या गूगलच्या फीड-वाचकातही तेच: आवडलेली नोंद पुढे वाटायची, मित्रांनी त्यावर बोलायचं. आपल्याकडे त्याच सुमारास मराठी ब्लॉगांची फीडं वाचून ताज्या नोंदी एका पानावर दाखवणारे संकलक होते. आपलं नाव तिथे झळकलं की पहिला अनोळखी वाचक यायचा. ज्यांनी तेव्हा लिहिलं आहे त्यांना तो आनंद आठवत असेल.

पण या सगळ्या ठिकाणी मजकूर फीडमधून येत होता आणि गप्पा मात्र त्या छपराखालीच साठत होत्या. फ्रेंडफीडवर तुमच्या लेखाखाली चाळीस जण भांडून गेले तरी तुमच्या स्वतःच्या पानावर सामसूम. ऑगस्ट २००९मध्ये फेसबुकने फ्रेंडफीड विकत घेतलं आणि एप्रिल २०१५मध्ये ते बंद पडलं. लेख लेखकांकडे राहिले. बोलणं गेलं.

फीडचा खरा अपुरेपणा इथे दिसतो. पाणी उतारावर वाहतं तसं फीड लेखकाकडून वाचकाकडे जातं. वाचकाचा शब्द उलट दिशेने वर चढवायला त्यात वाटच नाही. कोकणात पहिला दमदार पाऊस पडून ओहोळ भरले की काही मासे प्रवाहाविरुद्ध वर, पार भातखाचरांपर्यंत चढतात. त्यांना ‘चढणीचे मासे’ म्हणतात, रायगडाकडे ‘वलगणीचे’. जाळ्यातलं उत्तर हे असं चढणीचं असतं. त्याला मुळापर्यंत पोचायचं असतं, आणि तिथून पुन्हा सगळ्या प्रवाहाबरोबर खाली यायचं असतं.

ही उपमा माझी एकट्याची नाही. गूगलमधल्या जॉन पॅन्झर यांनी या कामासाठी जो प्रोटोकॉल लिहिला, त्याचं नावच ‘सॅल्मन’. हा मासा समुद्रातून जन्मनदीत उलटा पोहत जातो. (बाजारात रावसाला ‘इंडियन सॅल्मन’ म्हणतात, पण त्या दोघांचं नातंगोतं काही नाही. हॉटेलांच्या मेनूकार्डांनी करून ठेवलेला घोळ आहे.)

२०१०मध्ये प्रोड्रोमू आणि मंडळींनी आपला पहिला प्रोटोकॉल बाजूला ठेवून नवी जुळणी केली, ‘ओस्टेटस’. लॅकोनिकाचं नाव तोवर ‘स्टेटसनेट’ झालं होतं. ओस्टेटसमध्ये नवं असं थोडंच होतं. पाया अॅटम फीडचा. प्रत्येक माणसाचं एक फीड, कुणालाही वाचता येणारं. त्यावर चार पट्ट्या ठोकून फीडचे चार अपुरेपणा बुजवले होते. दोनांबद्दल थोडक्यात सांगतो आणि दोनांवर थांबतो, कारण खरी कारागिरी तिथे आहे.

पहिली पट्टी क्रियापदांची. फीडला एकच गोष्ट सांगता येते: ‘हे नवं आलंय.’ पण गप्पांच्या जाळ्यात माणसं फॉलो करतात, पसंती देतात, दुसऱ्याचं पुढे पाठवतात. ‘ॲक्टिव्हिटी स्ट्रीम्स’ने नोंदीला कर्ता, कर्म आणि क्रियापद दिलं. शाळेतलं व्याकरणच. दुसरी पट्टी नावाची. १९७१मध्ये स्टॅनफर्डच्या लेस अर्नेस्ट यांनी ‘फिंगर’ नावाची आज्ञा लिहिली होती. एखाद्याचं नाव दिलं की तो कोण आणि सध्या संगणकावर आहे का ते कळायचं. तिचाच वेबवरचा अवतार ‘वेबफिंगर’. ईमेलसारखा दिसणारा पत्ता द्यायचा, आणि त्या माणसाचं फीड कुठे, उत्तर कुठे धाडायचं हे सगळं कळतं.

तिसरी पट्टी वेगाची. किटली घेऊन दर अर्ध्या तासाने गोठ्यावर जाणं लेखांसाठी ठीक आहे, गप्पांसाठी नाही. तुम्ही ‘चहा घेणार का’ विचारलं आणि मला ते अर्ध्या तासाने कळलं तर चहा निवला. खेपा वाढवल्या तर गोठेवाला बेजार, कारण शंभरातल्या नव्व्याण्णव खेपांना त्याला ‘काही नाही’ एवढंच सांगायचं असतं. २००९मध्ये ब्रॅड फिट्झपॅट्रिक आणि ब्रेट स्लॅटकिन यांनी यावर उतारा काढला. नाव ठेवलं ‘पबसबहबब’. इंग्रजांनाही ते धड उच्चारता यायचं नाही. पुढे ते ‘वेबसब’ झालं हे बरं झालं.

युक्ती अशी. फीडमध्येच एका ओळीत लिहायचं की माझा हब अमुक. हब म्हणजे गावातली डेअरी समजा. वाचकाचा सर्व्हर हबला सांगतो, ‘या फीडमध्ये नवं आलं की माझ्या या पत्त्यावर टाका.’ हब लगेच विश्वास ठेवत नाही. तो त्या पत्त्यावर एक खुणेचा शब्द पाठवतो आणि तोच शब्द परत आला तरच नोंद करतो. नाहीतर कुणीही दुसऱ्याच्या दारात हजार लिटर दूध ओतायची व्यवस्था केली असती. लेखकाने नवं लिहिलं की तो हबला फक्त टिचकी मारतो. हब एकदा येऊन फीड वाचतो आणि सगळ्यांना वाटत सुटतो. काही सेकंदांचं काम. हब बंद पडला तर? फीड जागेवरच आहे, किटली घेऊन जायची जुनी वाट उघडी आहे. मला या रचनेतलं हे सर्वांत शहाणपणाचं वाटतं. नवी सोय मोडली तरी जुनी मोडत नाही.

चौथी पट्टी सॅल्मनची, चढणीच्या माशांची. समजा मी माझ्या सर्व्हरवर बसून तुमच्या नोंदीला उत्तर लिहिलं. ते आधी माझ्या फीडमध्ये जाईल. मग माझा सर्व्हर त्याची प्रत तुमच्या फीडमध्ये दिलेल्या सॅल्मनच्या पत्त्यावर पाठवेल. पण तुम्ही कशावरून मानायचं की ते मीच लिहिलं? कुणीही माझ्या नावाने काहीही पाठवू शकेल. म्हणून प्रतीवर डिजिटल सही. तुमचा सर्व्हर वेबफिंगरने माझी जाहीर किल्ली शोधतो, सही ताडून पाहतो, आणि जुळली तरच मासा आत. मग तुमचा सर्व्हर ते उत्तर तुमच्या सगळ्या वाचकांपर्यंत खाली सोडतो. उत्तराची एक प्रत माझ्याकडे, एक तुमच्याकडे. फ्रेंडफीडवरची चाळीस भांडणं यात हरवली नसती.

कागदावर हे सगळं सुरेख आहे. प्रत्यक्षातही चाललं. पण २०१३चा जून-जुलै फीडच्या वंशाला फार वाईट गेला. जूनमध्ये ट्विटरने बाहेरच्या सॉफ्टवेअरांसाठीची आपली जुनी दारं बंद केली आणि त्यांच्याबरोबर ट्विटरची आरएसएस फीडंही गेली. १ जुलैला गूगल रीडर बंद पडलं; त्यातली मित्रांशी बोलायची सोय गूगलने २०११मध्येच काढून टाकली होती. आणि त्याच सुमारास खुद्द प्रोड्रोमूंनी आयडेंटिका ओस्टेटसवरून उचलून ‘पंप डॉट आयओ’ या आपल्या नव्या रचनेवर नेली. नवी रचना जुन्या भाषेत बोलत नव्हती. स्वतंत्र सर्व्हरवर राहून आयडेंटिकावरच्या मित्रांना फॉलो करणाऱ्यांचे धागे तुटले. कुंपण नको म्हणून उभं केलेल्या जाळ्याचं सर्वांत मोठं गाव रातोरात दुसऱ्या बोलीत बोलू लागलं, असं म्हणायला हरकत नाही.

प्रोड्रोमूंना दोष देणं सोपं आहे, पण त्यांची अडचण खरी होती. फीड जन्मतःच चव्हाट्यावरचं असतं. दारात टांगलेली फाइल कुणीही वाचावी हीच तर तिची खुबी. मग फक्त चार मित्रांसाठी काही लिहायचं असेल तर? ओस्टेटसमध्ये त्याला धड उत्तर नव्हतं. पंपमध्ये होतं, कारण तिथे टांगणं मागे पडून पाठवणं आलं: ज्याला द्यायचं त्याच्या पेटीत नेऊन टाका.

पुढे जर्मनीत येना इथे यूजेन रोच्को या तरुणाने २०१६मध्ये अशाच जाळ्यासाठी ‘मॅस्टोडॉन’ नावाचं सॉफ्टवेअर बाहेर काढलं, तेव्हा सुरुवात ओस्टेटसनेच केली. बोलायला जुने स्टेटसनेटवाले तिथे होते ना! पण वर्षभरात त्याने पंपच्या वंशातला ‘ॲक्टिव्हिटीपब’ स्वीकारला आणि २०१९च्या ऑक्टोबरमध्ये ओस्टेटसला कायमचा निरोप दिला. लगेच पुढच्याच महिन्यात भारतातून पाहुण्यांची रीघ लागली. सर्वोच्च न्यायालयातले वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं निलंबित झालं, आणि चिडलेल्या अनेकांनी मॅस्टोडॉनवर घर केलं. बरेचसे काही आठवड्यांत परतले. तिथे भांडायला पुरेशी माणसं नव्हती, असं मला वाटतं.

गंमत म्हणजे वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने, डब्ल्यूथ्रीसीने, ॲक्टिव्हिटीपबला मान्यता दिली २३ जानेवारी २०१८ला, आणि वेबसबलाही त्याच दिवशी. एकाच दिवशी दोन वाटा. एकीत फाइल टांगायची आणि वर्दी द्यायची. दुसरीत पत्र लिहून पेटीत टाकायचं. जगाने दुसरी निवडली. ॲक्टिव्हिटीपबमध्ये प्रत्येकाला येणाऱ्या पत्रांची एक पेटी आणि जाणाऱ्यांची एक. जाणाऱ्यांची पेटी म्हणजे नव्यावरून जुन्याकडे लावलेली नोंदींची यादी, म्हणजे वेश बदललेलं फीडच. पण व्यवहारात ती क्वचितच कुणी उघडून वाचतं. सगळा कारभार येणाऱ्या पेटीवर.

त्याची किंमत मोजावी लागते. तुमचे वाचक हजार सर्व्हरांवर पसरले असतील तर तुमच्या सर्व्हरने एका वाक्यासाठी हजार दारं ठोठावायची. एखादं दार बंद असेल तर पुन्हा जायचं. (एका सर्व्हरवरच्या सगळ्यांसाठी एकच सामाईक पेटी ठेवायची सोय आहे म्हणून निभावतं.) फीड टांगून ठेवायला दिडकीचा सर्व्हर पुरत होता, पत्रं वाटायला पोस्टमन ठेवावा लागतो, त्याला पगार लागतो. मग हौशी माणूस स्वतःचा सर्व्हर चालवत नाही, मोठ्या सर्व्हरवर खातं काढतो. तिथून घर हलवायचं ठरवलं तर मॅस्टोडॉनमध्ये तुमचे वाचक तुमच्याबरोबर येतात, जुन्या नोंदी मात्र मागे राहतात. पत्ता सर्व्हरवाल्याचा. फीडने दिलेली सगळ्यात मोलाची वस्तू नेमकी इथे हातून निसटली.

ती न सोडता गप्पा जमवता येतील का, हे पाहणारे काही हट्टी लोक आहेत. अमेरिकेतल्या मँटन रीस यांनी २०१७च्या जानेवारीत लोकवर्गणी मागून ‘मायक्रो डॉट ब्लॉग’ उभं केलं. तिथे तुम्ही आपल्या डोमेनवर लिहायचं. सेवा तुमचं फीड वाचून मित्रांपुढे ठेवते. उत्तरं ‘वेबमेन्शन’ने परत मूळ पानाकडे पाठवता येतात, सॅल्मनपेक्षा हा मासा साधा, त्याला सही नसते. मूळ पानाचा सर्व्हर सरळ उत्तराच्या पानावर जाऊन तिथे खरंच आपला दुवा आहे का एवढं बघतो. वाचकांची संख्या कुठे दाखवलेली नाही, लाइक नाही. फार गर्दी नाही हेही सांगायला हवं.

रीस यांना एक अनपेक्षित अडचण आली: शीर्षक. गप्पांतल्या वाक्याला शीर्षक नसतं, आणि बरीच फीड-वाचक सॉफ्टवेअरं शीर्षकाशिवाय गोंधळून जायची. कुठे ‘शीर्षक नाही’ असं छापायची, कुठे वाक्य दोनदा दाखवायची. वास्तविक वायनर यांनी २००२च्या आरएसएस २.०मध्ये स्पष्ट लिहून ठेवलं होतं की शीर्षक आणि मजकूर यांपैकी एक असलं तरी चालेल. ट्विटर जन्मायला तेव्हा चार वर्षं अवकाश होता. नियम फीडकडे तयार होता, वाचणाऱ्यांनी तो वाचला नव्हता.

मॅस्टोडॉनवर कुणाचंही पान उघडा आणि पत्त्याच्या शेवटी डॉट आरएसएस एवढं जोडा. पेट्या, किल्ल्या, सह्या हे सगळं नाहीसं होतं आणि समोर येते एक साधी फाइल, शीर्षक नसलेल्या नोंदींची, नवी वर, जुनी खाली. खातं लागत नाही. कोण वाचतंय ते कुणाला कळत नाही. कोणतंही फीड-वाचक ती आजही वाचतं. फक्त तिथून उत्तर देता येत नाही.